जळगाव ते मुंबई : हवाई अंतर आणि प्रवासाचा काळ

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

मेहरूणच्या तलावाच्या बांधावर संध्याकाळी बसणाऱ्यांना विमानाचे नवल आता फारसे राहिलेले नाही. विमानतळ आमच्यापासून सहा-सात किलोमीटरवर, अजिंठा रस्त्यावर कुसुंब्याच्या बाजूला आहे. पंख्याचे विमान खाली येताना त्याचा घरघराट ऐकू आला की बोरे विकणारी म्हातारी मान वर करते आणि पुन्हा आपल्या पाटीकडे वळते. असेच एकदा बसलो असता प्रश्न निघाला, की हे विमान मुंबईला जायला किती वेळ घेते? एक मित्र म्हणाला, चाळीस मिनिटे. दुसरा म्हणाला, तिकिटावर सव्वा तास लिहिलेला असतो. तिसऱ्याचे काका नुकतेच जाऊन आले होते, तो म्हणाला, "कसले चाळीस मिनिट रे भो, काकाला परळला पोचायला साडेचार तास लागले!" वाद बराच रंगला. मी मात्र घरी येऊन नकाशाची वही काढली. थोडा विचार केल्यावर लक्षात आले, की तिघांचेही उत्तर बरोबर होते. प्रश्न मात्र एक नव्हता, तीन होते. त्या तीन प्रश्नांचा, आणि पुढे ज्या चौथ्या प्रश्नाशी आमच्या घराची गाठ पडली त्याचा, विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम अंतर पाहू. रेल्वेच्या हिशेबाने जळगाव मुंबईपासून ४२० किलोमीटरवर आहे. पण रूळ हे डोंगर, नदी, बाजारपेठ पाहून वळत गेलेले असतात. विमानाचे अंतर मोजायचे तर दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यावे लागतात. जळगाव विमानतळ सुमारे २० अंश ५८ मिनिटे उत्तर अक्षांशावर व ७५ अंश ३८ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. मुंबईचा सांताक्रूझचा विमानतळ सुमारे १९ अंश ५ मिनिटे उत्तर व ७२ अंश ५२ मिनिटे पूर्व असा आहे. म्हणजे अक्षांशांत फरक १ अंश ५३ मिनिटांचा आणि रेखांशांत २ अंश ४६ मिनिटांचा.

एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. हे पृथ्वीवर कोठेही जवळजवळ सारखेच असते. रेखांशाचे तसे नाही. रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येतात, त्यामुळे विषुववृत्तावर १११ किलोमीटर असलेला रेखांशाचा अंश आपल्याकडे, म्हणजे विसाव्या अक्षांशाच्या आसपास, १०४ किलोमीटरच भरतो. (१११ ला २० अंशांच्या कोज्येने, म्हणजे ०.९४ ने गुणले की झाले. अकरावीत कोज्या कशासाठी शिकवतात हे मला त्या रात्री प्रथम कळले.) आता हिशेब सोपा आहे. दक्षिणेकडे २०९ किलोमीटर, पश्चिमेकडे २८८ किलोमीटर आणि या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण हे आपले अंतर. २०९ चा वर्ग ४३,६८१ व २८८ चा वर्ग ८२,९४४. बेरीज १,२६,६२५. तिचे वर्गमूळ जवळजवळ ३५६. म्हणजे जळगाव ते मुंबई हवाई अंतर सुमारे ३५६ किलोमीटर आहे. वैमानिक किलोमीटर वापरत नाहीत, ते सागरी मैल वापरतात. पृथ्वीच्या बृहद्वृत्तावरील कोनाच्या एका मिनिटाचे अंतर म्हणजे एक सागरी मैल, किलोमीटरांत १.८५२. त्या मापाने हे अंतर १९२ सागरी मैल होते.

रेल्वेपेक्षा फरक फक्त ६४ किलोमीटरांचा निघाला, याचे मला आश्चर्य वाटले. त्यातलाही काही भाग, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे विमानतळाच्या बरेच दक्षिणेला आहे म्हणून पडतो. नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली, तर ती चाळीसगावच्या थोडी उत्तरेकडून, मनमाडच्या थोडी दक्षिणेकडून, निफाड-सिन्नरच्या मुलखावरून कळसूबाईजवळ जाते आणि मग घाट उतरून कोकणात येते. आगगाडीही बहुतांशी याच दिशेने धावते. १८६५ साली थळ घाटातून रूळ पडले, तेव्हा त्या इंजिनियरांनी सह्याद्री ओलांडतानाही सरळ रेषेपासून फार दूर जायचे नाही हे किती सांभाळले होते, ते या रेघेवरून दिसते. आपल्या १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईला विमान सहज ओलांडते, रेल्वेला मात्र कसाऱ्याला मागून इंजिने जोडावी लागतात, एवढाच काय तो भेद.

येथे एक खुलासा केला पाहिजे. मी काटकोन त्रिकोण वापरला तो अंतर लहान आहे म्हणून चालला. पृथ्वी गोल आहे आणि गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग हा बृहद्वृत्ताचा कंस असतो. भिंतीवरच्या नकाशातील सरळ रेघ नव्हे. याचे एक गमतीदार उदाहरण मला सापडले. मुंबई आणि मेक्सिको सिटी ही दोन्ही शहरे जवळजवळ एकाच, म्हणजे एकोणिसाव्या अक्षांशावर आहेत. नकाशा पाहून कोणीही म्हणेल, सरळ पश्चिमेकडे तोंड करून निघावे. तसे निघाल्यास सुमारे १८,००० किलोमीटर पडतील. बृहद्वृत्ताने गेल्यास १५,६०० किलोमीटर, पण त्यासाठी मुंबईहून जवळजवळ उत्तरेकडे तोंड करून निघावे लागेल आणि वाटेत ७८ अंश उत्तर अक्षांशापलीकडे आर्क्टिक महासागराच्या बर्फावरून जावे लागेल! म्हणून युरोप-अमेरिकेच्या विमानांचे मार्ग नकाशावर धनुष्यासारखे वाकडे दिसतात. वाकडा असतो तो नकाशा.

दुसरा प्रश्न वेळेचा. आपल्या विमानतळावर उतरणारी सुमारे सत्तर आसनांची पंख्याची विमाने ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जातात. ३५६ ला ५०० ने भागले की ४३ मिनिटे येतात. माझ्या पहिल्या मित्राची चाळीस मिनिटे ती हीच. पण हा हिशेब म्हणजे घराच्या उंबऱ्यापासून पूर्ण वेगात सुटलेल्या माणसाचा हिशेब आहे. विमान जागेवरून हलते, धावपट्टीच्या टोकाशी जाते, तेथे वळते आणि मग उडते. चढताना त्याचा वेग पुष्कळ कमी असतो. आपली धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. वारा पूर्वेचा असेल तर पूर्वेकडे तोंड करून उडावे लागते आणि मुंबईसाठी वर जाऊन वळसा घ्यावा लागतो. शिवाय वारा हा स्वतःच एक हिशेबनीस आहे. समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग ४६० राहतो आणि ४३ ची ४६ मिनिटे होतात. परतताना तोच वारा पाठीमागून लागला तर चाळीस मिनिटांत काम होते. हिवाळ्यात आपल्याकडे वरच्या थरांत पश्चिमेचे वारे असतात, तेव्हा मुंबईला जाणे थोडे लांबते आणि येणे थोडे आटपते.

सर्वांत मोठा वेळ खाते ती मुंबई. तेथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. देशातील अत्यंत गजबजलेल्या विमानतळांपैकी तो एक. गर्दीच्या वेळी आमच्या जळगावच्या चिमुकल्या विमानाला मोठ्या विमानांच्या रांगेत, आकाशात चकरा मारत, आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. या सगळ्याची सवड धरूनच वेळापत्रक करतात आणि त्यात सुटण्याची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलण्याची, तर पोचण्याची म्हणजे जागेवर उभे राहण्याची वेळ असते. तिकिटावरचा सव्वा तास अशा रीतीने तयार होतो. त्यात खोटे काही नाही.

परदेशच्या तिकिटात आणखी एक चकवा असतो. तेथे सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची लिहितात. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. मुंबईहून सकाळी दहाला निघालेले विमान सव्वातीन तास उडाले तर दुबईच्या घड्याळात पावणेबाराच वाजलेले असतात. आमच्या गल्लीतील एका गृहस्थांनी यावरून दुबई दोन तासांच्या आत येते असा समज करून घेतला होता आणि तो त्यांनी अनेकांना सांगितलाही होता.

तिसरा प्रश्न घर ते घर असा आहे. मेहरूणहून विमानतळ वीस मिनिटे. तेथे दीड तास आधी हजर राहायचे. विमानाचा सव्वा तास. मुंबईत सामान मिळून बाहेर पडायला अर्धा तास. विमानतळावरून परळच्या रुग्णालयांपर्यंत एक तास, आणि जळगावचे लोक मुंबईला बहुधा त्यासाठीच जातात. एकूण पावणेपाच तासांना दहा मिनिटे बाकी ठेवणारा काळ. आगगाडीने स्टेशन, प्रतीक्षा, सात तासांचा प्रवास आणि दादरहून परळ धरून आठ तास. म्हणजे विमानाचा वेग गाडीच्या आठपट असला तरी माणसाचा वेग दुप्पटही होत नाही. अंतर जितके लहान तितके हे अधिक खरे, कारण दोन्ही टोकांचा वेळ तोच राहतो आणि मधला भाग तेवढा आखडतो. मुंबई-दिल्लीला विमान गाडीला कोठल्या कोठे मागे टाकते. जळगाव-मुंबईला ते टाकते, पण धापा टाकत.

जुन्या लोकांचे मोजमाप या दृष्टीने अधिक शहाणपणाचे होते असे मला वाटते. कोस हे अंतराचे माप होते, पण वाटसरू बोलायचा मजलेच्या भाषेत. एक मजल म्हणजे एका दिवसाची चाल. वाट चढणीची असली की मजल कोसांनी लहान होई. माझी आजी शेवटपर्यंत "मुंबई एका रातीची वाट" असेच म्हणे. तिला ४२० आणि ३५६ यांतला फरक समजावून सांगण्याचा मी प्रयत्न केला होता. ती म्हणाली, रात तर रातच राहते ना?

आता चौथा प्रश्न. तो मला कोणत्याही तिकिटावर सापडला नाही.

जळगावची धावपट्टी जुनी, १९७३ सालची. तिचे आजचे रूप तयार होऊन उद्घाटन झाले ते २३ मार्च २०१२ रोजी, आपल्याच जिल्ह्यातील राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते. त्यानंतर नियमित प्रवासी विमानासाठी जिल्ह्याने पाच वर्षे वाट पाहिली. केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये एका लहान विमानाने मुंबईची सेवा सुरू झाली आणि काही महिन्यांत थांबली. सप्टेंबर २०१९ मध्ये अहमदाबाद-जळगाव-मुंबई अशी सेवा आली. तीही पुढे थांबली. २०२४ च्या एप्रिलपासून गोवा व हैदराबाद, मग पुणे आणि जूनमध्ये पुन्हा मुंबई अशी विमाने सुरू झाली. तेव्हा मेहरूणमध्ये पेढे वाटले नाहीत, पण आमच्या घरी मात्र आनंद झाला. माझा थोरला भाऊ हैदराबादला नोकरीस आहे.

हैदराबाद आणि जळगाव यांच्यामधील अंतर वरच्याच रीतीने काढले. अक्षांशांचा फरक ३ अंश ४४ मिनिटे, रेखांशांचा २ अंश ४८ मिनिटे. उत्तर सुमारे ५०८ किलोमीटर. विमानाला तासाभराचे काम, वेळापत्रकाने दीड तास धरा. गाडीने जायचे तर आधी पश्चिमेकडे मनमाडपर्यंत १६० किलोमीटर उलटे जायचे, तेथून छत्रपती संभाजीनगर, जालना, नांदेड करीत रात्रभर पूर्वेकडे. पूर्वेला जाण्यासाठी पश्चिमेला निघायचे, हे मेक्सिकोच्या मार्गापेक्षाही विचित्र आहे. म्हणून विमान आल्यावर दादा आजीला म्हणाला, "आता मी दीड तासावर आलो." आजीने ते सगळ्या आळीला सांगितले. संध्याकाळी घरघराट आला की ती अंगणातून विचारी, ते आपलंच का?

२०२४ च्या पावसाळ्यात एका पहाटे आजीला श्वास लागला. चार वाजता दादाला फोन केला. त्या दिवशी जळगावचे विमान नव्हते. ते रोजचे नव्हतेच; आठवड्यातील ठरावीक दिवशीच ते येई. मुंबईला विमानाने येऊन पुढे गाडी धरावी, की संभाजीनगरला उतरून मोटार करावी, याचा विचार करण्यात तासभर गेला. संभाजीनगरचा विमानतळ येथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर आहे, पण त्या सकाळच्या विमानात जागा नव्हती. शेवटी मित्राची मोटार घेऊन तो सहाला निघाला. आजी दहाच्या सुमारास गेली. मोठ्या माणसांनी दुपारभर वाट पाहिली, पण दिवस मावळायच्या आत सर्व आटोपले पाहिजे असे ठरले. दादा आला तेव्हा आम्ही स्मशानातून परतून दारात पाय धूत होतो. आईने त्याच्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाली, "दीड तासावर होतास ना रे?"

यात कोणाचा दोष नाही. रोज विमान भरण्याइतके प्रवासी नसतील तर ते रोज कसे येणार? पण त्यानंतर मी हा चौथा प्रश्न कागदावर मांडला. समजा, एखादे विमान आठवड्यातून तीन दिवस, म्हणजे सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे येते. ज्याला आधी ठरवून जायचे आहे त्याला त्याने काही बिघडत नाही, तो वार पाहून तिकीट काढतो. पण ज्याला अचानक निघावे लागते त्याने सरासरी किती थांबायचे? दोन विमानांमध्ये ४८, ४८ आणि ७२ तासांची फट आहे. सरासरी ५६, तिचे अर्धे २८ तास असे प्रथम मला वाटले. आमच्या सरांनी चूक दाखवली. संकट आठवड्याच्या १६८ तासांपैकी केव्हाही येते आणि मोठी फट मोठी असल्यामुळेच तीत सापडण्याचा संभव अधिक असतो. ७२ तासांच्या फटीत सापडण्याचा संभव १६८ पैकी ७२, म्हणजे सुमारे ४३ टक्के, आणि तेथे सरासरी ३६ तास थांबावे लागते. उरलेल्या ५७ टक्क्यांत २४ तास. दोन्ही मिळून सरासरी २९ तास येतात. त्यात घर ते घरचे पाच तास मिळवले तर अडलेल्या माणसाचा विमान प्रवास ३४ तासांचा झाला. जळगाव ते मुंबई गाड्या दिवसरात्र आहेत, तेथे थांबणे क्वचितच तासा-दोन तासांहून अधिक होते. अडीअडचणीच्या वेळी आठ तासांची गाडी त्या पाच तासांच्या विमानापेक्षा पुष्कळ वेगवान ठरते ती अशी. हैदराबादच्या बाबतीत तो आधारही नाही.

हेच टपालाचेही होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून पुढे ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. तो उड्डाणाचा दिवस आपण सर्वजण परीक्षेसाठी पाठ करतो. पण ती सेवा आरंभी आठवड्यातून एकदाच होती, हे आपण पाठ करीत नाही. इंग्लंडहून कराचीला येणाऱ्या हवाई टपालाशी तिचा वार जुळवलेला होता आणि सगळा फायदा त्या जुळवणीत होता. ज्याचे पत्र विमान गेल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहून झाले, त्याला विमानाच्या वेगाचा काय उपयोग?

आमच्या हवेचाही उल्लेख केला पाहिजे. खानदेशचा मे महिना सर्वांच्या परिचयाचा आहे. पारा ४५ अंशांवर सहज जातो. हवा तापली की विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो आणि उडण्यासाठी जास्त लांब धावावे लागते. आपली धावपट्टी सुमारे १,७०० मीटरची आहे. मोठ्या जेट विमानांना ती अपुरी पडते, आणि पंख्याच्या विमानालाही दुपारच्या उन्हात वजनाचा विचार करावा लागतो. धावपट्टी वाढली तर मोठे विमान येऊ शकेल. मात्र मोठे विमान आले की ते भरण्यास आणखी प्रवासी लागतील आणि फेऱ्या कदाचित आणखी विरळ होतील. मला विचाराल तर जळगावला मोठे विमान नको, रोजचे हवे. वीस आसनांचे असले तरी चालेल. या मतावर आमच्या वर्गात दोन तट आहेत. पहिल्या तटाचे पुढारी तेच, चाळीस मिनिटेवाले.

तेरावा झाल्यावर दादा परत गेला तो विमानाने. वार जुळत होता. मी त्याला सोडून येऊन तलावाच्या बांधावर थांबलो. विमान वर येऊन दक्षिणेकडे वळले आणि ढगांत दिसेनासे झाले. रात्री त्याचा फोन आला. घराचा उंबरा ओलांडल्यापासून खोलीचे कुलूप उघडेपर्यंत चार तास पन्नास मिनिटे लागली, असे तो म्हणाला. आकडा मी त्याच नकाशाच्या वहीत, ५०८ किलोमीटरच्या खाली लिहून ठेवला आहे.